चाकं दिसली नाहीत

लष्करी विमानतळावर सगळ्यात महत्त्वाचं काम कुणाचं, असं तिथं विचारलं तर वैमानिक म्हणतील वैमानिकाचं, टॉवरवाले म्हणतील टॉवरचं, आणि मेसचा आचारी काय म्हणेल ते त्यालाच विचारलेलं बरं. चाकदादाला हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नाही. धावपट्टीच्या टोकाला, विमानं जिथं जमिनीला टेकतात त्या जागेच्या बाजूला, लाल-पांढऱ्या चौकड्या रंगवलेली एक केबिन उभी असायची. डोक्यावर काचेचा घुमट, खाली ट्रेलरची टायरं, आणि आत दोन माणसं मावतील इतकी जागा, तीही दोघं एकमेकांवर रुसलेले नसतील तर. तिला सगळे खोका म्हणत. चाकदादाची जवळजवळ सारी नोकरी त्या खोक्यात गेली.

काम एकच. उतरायला येणाऱ्या प्रत्येक विमानाचं पोट दुर्बिणीतून बघायचं. चाकं बाहेर आली असतील तर गप्प बसायचं. नसतील तर जाडजूड नळीच्या पिस्तुलातून लाल गोळा आकाशात उडवायचा. तो दिसला की वैमानिकानं टेकायचं नाही, पुन्हा वर जायचं, एक फेरी मारायची आणि आपली चूक निस्तरून परत यायचं.

"एवढी शिकलेली माणसं चाकं काढायला विसरतात?" लग्नानंतर बायकोनं विचारलं होतं.

"तू परवा गॅसवर दूध ठेवून शेजारी गेलीस ना?"

"दूध उतू गेलं. विमान नाही गेलं."

"तेच तर. म्हणून त्यांच्यासाठी मी आहे. तुझ्यासाठी कोण आहे?"

"सासूबाई," ती म्हणाली आणि विषय संपला.

खोक्याचा एक नियम होता आणि तो चाकदादा नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा: शंका आली की लाल सोडायचा. खात्री करत बसायचं नाही. चाकं असताना लाल सोडला तर वैमानिक जरा शिव्या घालेल, थोडं इंधन जाईल. चाकं नसताना सोडला नाही तर काय जाईल ते वेगळं सांगायला नको. आणि सोडणाऱ्याला नंतर कुणी जाब विचारणार नाही, हा नियमाचा दुसरा भाग होता. त्या दुसऱ्या भागावरच पहिला उभा होता. जाबाची भीती असलेला हात पिस्तुलापर्यंत जातो खरा, पण जाता जाता विचार करतो, आणि तेवढ्यात विमान टेकलेलं असतं.

या कामानं त्याला एक खोड लावली. कुणीही समोर आलं की तो आधी खाली बघायचा. होणारा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा चाकदादानं त्याच्या बुटांकडे इतका वेळ पाहिलं, की बिचाऱ्यानं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मुलगी आत जाऊन आईला म्हणाली, "बाबांना सांग, तो उतरलाय आधीच."

तर असा हा माणूस. त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नव्हतं आणि त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. मग ती संध्याकाळ आली.

वैमानिकांत एक तरुण मुलगा होता, त्याला रेडिओवर सगळे गुणगुण्या म्हणत. बोलायचं बटण दाबलं की शब्दांच्या आधी अर्धी ओळ गुणगुण ऐकू यायची. टॉवरनं दोनदा समज दिली, पण गुणगुण काही थांबली नाही. चाकदादानं त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या विमानाचं पोट मात्र तो दहा विमानांतून ओळखायचा. डाव्या पंखाखाली रंग उडालेला एक डाग होता.

त्या संध्याकाळी सूर्य नेमका धावपट्टीच्या रेषेत मावळत होता. खोक्यातला त्याचा जोडीदार, ज्याला अख्खा तळ डुलक्या म्हणायचा, खाली वाकून थर्मासमधला चहा ओतत होता. स्पीकरमधून गुणगुण आली, आणि पाठोपाठ शब्द: "तीन हिरवे." वैमानिकासमोर प्रत्येक चाकाचा एक हिरवा दिवा असतो, तिन्ही पेटले म्हणजे चाकं बाहेर येऊन पक्की बसली. चाकदादानं दुर्बीण लावली. उन्हातून विमान काळं होऊन बाहेर आलं, आणि त्याला पोट सपाट दिसलं.

हात वर गेला. लाल सुटला.

गुणगुण्यानं जे करायचं ते अगदी शिकवल्याप्रमाणे केलं. इंजिनाला जोर दिला, नाक उचललं, वर निघाला. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला त्याच दिवशी गवत कापलं होतं आणि उघड्या पडलेल्या किड्यांवर पक्षी बसले होते. आवाजानं ते सगळे एकदम उठले. इंजिनानं पक्षी गिळले, विमान एकदा खोकल्यासारखं झालं, आणि कुंपणापलीकडच्या झुडपांत गेलं. डुलक्याच्या हातातला कप अजून भरायचा होता.

चौकशी झाली. ढिगाऱ्यात चाकं पोटाच्या आत मिटलेली सापडली. चाकदादाचा जीव क्षणभर भांड्यात पडला, पण चौकशीच्या साहेबांनी लगेच मान हलवली. फेरी मारायला वर जाताना चाकं आत घ्यायची, हाही नियमच. म्हणजे ती आधी बाहेर होती आणि मग मिटली, की मिटलेलीच होती, हे सांगायला त्या लोखंडाजवळ काही शिल्लक नव्हतं. रेडिओवरचं बोलणं साठवणाऱ्या टेपवर "तीन हिरवे" होतं. पण तेही माणूस रोज म्हणून म्हणून न बघता म्हणू शकतो, आपण "ठीक आहे ना?" ला "ठीक" म्हणतो तसं. डुलक्यानं शपथेवर सांगितलं की त्याला फक्त चहा दिसत होता. शेवटी शेरा आला: निश्चित सांगता येत नाही. नियमाप्रमाणे चाकदादाला कुणी जाब विचारला नाही. त्याला खोक्यात परत पाठवलं.

आणि तिथं ते विमान यायला लागलं.

रोज नाही. आकाश तांबडं होऊन दोन विमानांच्या मध्ये उसंत असली की. टॉवर स्पीकरवर येणाऱ्या प्रत्येक विमानाची खबर देतो. याची खबर यायची नाही. आवाजही नसायचा. उजेडातून ते काळं होऊन बाहेर यायचं, सपाट पोटानं खाली खाली सरकायचं, डाव्या पंखाखालचा डाग दिसेपर्यंत जवळ यायचं, आणि धावपट्टी सुरू होते त्या पांढऱ्या पट्ट्यांवर आलं की नसायचं. चाकदादाचा हात प्रत्येक वेळी पिस्तुलावर जायचा आणि तो त्याला दुसऱ्या हातानं दाबून धरायचा.

"खाज आलीय का हाताला?" डुलक्या विचारायचा.

"हं."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवतो."

डॉक्टरला तो अर्थातच दाखवणार नव्हता. त्यानं स्वतःची समजूत घातली होती: खबर नाही, आवाज नाही, म्हणजे भास. भास ओळखता येतो तोवर माणूस शहाणा. घरी जेवता जेवता त्याचा हात ताटावरून उचलला जायचा, हवेत थांबायचा, आणि बायको पाण्याचा पेला त्या हातात द्यायची. जणू त्यानं पाणीच मागितलं होतं.

त्याला खरं छळत होतं ते वेगळंच. ते विमान दर वेळी सपाट पोटाचंच यायचं. त्या संध्याकाळी खरंच तसं होतं म्हणून तसं येत होतं, की त्याला तसं हवं होतं म्हणून? चाकं नव्हती तर त्यानं आपलं काम केलं. चाकं होती तर त्यानं एका धडधाकट उतरणाऱ्या पोराला वर पाठवून मारलं. मधलं काही नव्हतं.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दारात एक बाई उभी होती. चाकदादानं सवयीनं आधी चपला पाहिल्या. दुरून आलेल्या, धूळ बसलेल्या, पण पट्टा उसवलेला तो अगदी बारीक टाक्यांनी शिवलेला.

"मी गुणगुण्याची आई," ती म्हणाली. "त्याला तसंच म्हणायचे ना तुम्ही लोक?"

बायकोनं तिला बसवलं आणि चहा टाकायला आत गेली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत नव्हता, म्हणजे ती दाराआड उभी होती.

"मी शिवणकाम करते, भाऊ," बाई म्हणाली. "अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते. डोळ्याचं काम म्हणजे काय ते मला कळतं. म्हणून कागदावर काय लिहिलं ते विचारायला नाही आले. तुम्हाला विचारायला आले. चाकं होती की नव्हती?"

"दिसली नाहीत, ताई."

"दिसली नाहीत की नव्हती?"

"माझं काम दिसण्यापुरतंच."

"तो विसरणारा नव्हता. शाळेत असताना दप्तर भरून झाल्यावर पुन्हा उपसून बघायचा. माझ्या डोक्याला ताप! आता लोक म्हणतात, पोरगं चाकं विसरलं. माझ्या समोर म्हणत नाहीत, मी गेल्यावर म्हणतात. तुम्ही एकदा म्हणा की चाकं असतील. असतील, एवढंच. पुढचं मी बघते."

चाकदादा चपलांकडेच बघत राहिला. "म्हटलं असतं," तो हळूहळू म्हणाला. "पण मी 'असतील' म्हटलं, की लाल सोडणं चुकलं असं होतं. मग उद्या खोक्यात बसणारा हात आखडतो. मला शिक्षा होईल म्हणून नाही हो. तो दुसरा थांबेल म्हणून."

"म्हणजे तुमच्या त्या दुसऱ्यासाठी माझा मुलगा विसराळू ठरवायचा?"

आत काहीतरी खणकन पडलं. नियम बरोबर होता आणि बाई पण बरोबर होती, आणि दोघं एकाच खोलीत मावत नव्हते.

चहा आला. बाईनं तो घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मला दाखवा तरी. तुम्हाला कसं दिसतं ते."

खोक्यात बाहेरच्या माणसाला नेता येत नव्हतं. पण उतरणारी विमानं कुंपणाबाहेरच्या रस्त्याच्या डोक्यावरून जातात, तिथं कुणीही उभं राहू शकतं. चाकदादा तिला तिथं घेऊन गेला. एका बाजूला काटेरी तार, पलीकडे मातीचा उंच बांध, त्यामागे धावपट्टी. खोका तिथून दिसत नाही. ऊन कलायला लागलं होतं. रस्त्यावरून मालट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर बाईचा पदर उडत होता.

"कुठून येतं?"

"त्या उजेडातून. डोळे बारीक करा. आधी ठिपका, मग पंख. पोट शेवटी."

बराच वेळ काही आलं नाही. बाईनं मध्येच विचारलं, "पाय का बघता हो सारखे? मघापासून बघतेय मी."

"सवय."

"बरं झालं. मला वाटलं चप्पल आवडली."

पहिल्यांदाच तो हसला. आणि हसता हसता त्याला ठिपका दिसला.

ठिपक्याला पंख फुटले. नेमका त्याच वेळी मागून एक लांबलचक ट्रक घरघरत गेला आणि बाकी सगळं त्या आवाजात बुडालं. विमान काळं होऊन त्यांच्या डोक्यावर आलं. पोट सपाट. डाव्या पंखाखाली डाग. चाकदादानं मुठी खिशात कोंबल्या. भास, तो मनात म्हणाला. खबर नाही, म्हणजे भास. मग त्याच्या लक्षात आलं, की इथं खबर द्यायला टॉवरच नाही.

शेजारी बाईनं मान वर केली होती. विमान जसं जसं पुढे गेलं तशी तिची हनुवटी त्याच्याबरोबर फिरली, थेट बांधापर्यंत.

"पाहिलं मी," ती म्हणाली. "पाहिलं. तीन होती. दोन पंखांखाली, एक नाकाखाली. स्वच्छ दिसली."

म्हणजे विमान खरं होतं, ही एकच गोष्ट चाकदादाच्या डोक्यात घुमत होती. विमान खरं होतं, बाईला चाकं दिसली, आणि त्याला नाहीत. डाग तर पुष्कळ विमानांना असतो. म्हणजे बिघडला तो डोळाच. आणि आज बिघडला तो तेव्हाही बिघडलेलाच असणार. बाईला बसमध्ये बसवून देताना त्यानं तिच्या चपलांकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो डुलक्याला तळाच्या फाटकातच भेटला.

"काल संध्याकाळी तुझी पाळी होती ना? दिवस मावळताना जे उतरलं, त्याची चाकं होती?"

"कुणाची?"

"विमानाची! डोळे मिटून बसला होतास का?"

"मी घरी होतो, दादा. काल दुपारपासून पट्टी बंद होती. टेकायच्या जागेवर टायरांचं रबर बसतं ना, ते खरवडायचं काम होतं. खोकासुद्धा ओढून गॅरेजला नेला होता. काल एक चिमणी उतरली असेल तर देव जाणे."

"नक्की?"

"विचार टॉवरला. अरे, तुझा चेहरा का असा झालाय? ये, बस. चहा घे."

चाकदादानं चहा घेतला नाही. तो गॅरेजमध्ये गेला, ओढून आणलेल्या खोक्यात चढला आणि एकटाच बसला. बाईला दिसलं होतं. त्याला एकट्याला दिसत होतं तोवर तो भास होता, त्याची एक जागा होती, आत, स्वतःजवळ. आता ते दोघांना दिसलं होतं. मग ते काय होतं?

कामाचा प्रश्न त्याहून वाईट होता. कधी कधी खऱ्या विमानाचाही रेडिओ मरतो. असं विमान खबर न देताच येतं, आणि त्याच्याशी बोलायला जगात फक्त खोक्यातला माणूस आणि त्याचं पिस्तूल उरतं. आजवर त्यानं खबर नसलेलं विमान दुसऱ्या हातानं दाबून टाकलं होतं. एखाद्या दिवशी ते खरं असलं तर? आणि नसलेल्या विमानावर लाल सोडला, आणि मागून येणारं असलेलं विमान तो बघून वर गेलं तर? वर गेल्यावर काय होतं ते त्यानं पाहिलं होतं. शंका आली की सोडायचा, या नियमात शंका विमानाबद्दल धरलेली होती. बघणाऱ्याबद्दलची शंका नियम लिहिणाऱ्याला सुचली नव्हती.

तो तळावरच्या आपल्या साहेबांकडे गेला. "मला खोक्यातून काढा."

साहेबांनी त्याला डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. चाकदादानं शेवटची ओळ वाचली, आणि तिच्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"डोळे तर उत्तम आहेत म्हणतात," साहेब म्हणाले. "त्या गोष्टीमुळे म्हणत असशील तर तुला कुणी दोष दिलेला नाही."

"ते नाही, साहेब. मला दिसतं ते तिथं असतंच असं आता सांगता येत नाही."

काय दिसतं ते साहेबांनी विचारलं नाही. न विचारण्याचीही एक रीत असते. मग त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, बाहेर ऊन फार नसताना, आणि म्हणाले, "झाडणाऱ्या गाडीवर जागा आहे. धावपट्टीवरचे खडे, खिळे, टायरांचे तुकडे उचलायचे. चालेल?"

"चालेल."

संध्याकाळी त्यानं पिस्तूल जमा केलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंत." मग थोड्या वेळानं, "खाली बघायचंच काम आहे म्हणा तेही." पण तिचे डोळे भरले होते, कारण तो माणूस त्या खोक्याखेरीज कुठे शोभेल असं तिला वाटत नव्हतं, आणि त्यालाही.

शिवणवाली बाई पुन्हा आली. या वेळी ती घरी आली नाही. चाकदादा कामावरून सुटून निघाला तर ती कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर, तारेजवळ उभी होती. तो तिच्या शेजारी जाऊन थांबला.

"त्या दिवशी चाकं दिसली म्हणाले मी," ती समोर बघत म्हणाली. "घरी गेले आणि रात्रंदिवस तेच. दिसली, की मला दिसायला हवी होती? आपण एखादं कापड बघतो, आणि ते पुरेल असं वाटतं ना भाऊ, मनात हवं असतं म्हणून. कात्री लावल्यावर कळतं. माझाच डोळा मला आता खरा वाटेना."

मागच्या वेळी पट्टी बंद होती, विमान आलंच नव्हतं, हे तिला सांगावं का, असं चाकदादाच्या मनात आलं. ते त्याच्या तोंडापर्यंत आलंही. पण तिनं त्याची बाही धरली.

"आलं."

उजेडातून ते बाहेर येत होतं. या वेळी रस्ता रिकामा होता, आणि कसलाही आवाज नव्हता. चाकदादानं मान वर केली. ते अगदी डोक्यावर आलं. पोटाचा पत्रा एका बाजूनं तांबडा झालेला, सपाट, जोडाची एकेक रेघ दिसावी इतका जवळ. त्याचा हात उचलला गेला नाही. हातात काही नव्हतं, आणि त्याच्या मागे आता कुणी दुसरा नव्हता, जो त्याच्या शब्दावरून शिकणार होता.

"बघा हो नीट," बाई कुजबुजली. तिनं स्वतः डोळे घट्ट मिटून घेतले होते. "मी नाही बघत. तुम्ही सांगा. आहेत का?"

"आहेत, ताई," चाकदादा म्हणाला.

"तिन्ही?"

"तिन्ही. पक्की बसलीत."

बाईनं डोळे उघडले. विमान बांधापलीकडे गेलं होतं. तिनं बाही सोडली नाही, आणि ते टेकल्याचा आवाज येईल म्हणून दोघंही कान लावून तारेजवळ उभे राहिले.